माझे कडे, बित्तोचा खराटा

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे. तेरमा गावच्या अथेने देवीच्या देवळात, ओवरीच्या भिंतीवर, दाराकडून मोजत आलात तर सातव्या खुंटीवर मी टांगलेली आहे. माझ्या अंगावर ठोकलेली अक्षरे वाचलीत तर ‘तेरमाच्या लोकांनी फेगाईकरांकडून जिंकून देवीला वाहिली’ एवढेच तुम्हाला कळेल. ते खोटे नाही. पण त्या एका ओळीत न मावलेले बरेच काही मला आठवते. माझ्यामुळे एका सरळ माणसाचे नाव कायमचे बुडायची वेळ आली होती. खरे काय ते मला ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते. त्या दिवसांची धास्ती अजून माझ्या लाकडातून गेलेली नाही.

आधी जन्माचे सांगते.

फेगाई हे डोंगरातले गाव. शेळ्या, अंजिराची झाडे, थोडे द्राक्षमळे आणि खूप वारा. तिथे सीमोन नावाचा तांबट होता. त्याने हलक्या लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून मोठ्या परातीसारखा खोलगट सांगाडा केला, वरून कांशाचा पातळ पत्रा चढवला आणि आतून शेळीचे चामडे लावले. सीमोनला जुना खोकला होता. एक ठोका, एक खोकला, असे करत त्याने मला सव्वीस दिवसांत पुरे केले. शेवटी माझ्या पोटात मधोमध त्याने कांशाचे रुंद कडे चार खिळ्यांनी बसवले. त्या कड्यातून डावा हात कोपरापर्यंत घालायचा आणि काठाजवळची दोरी मुठीत आवळायची, अशी आमच्या जातीची रीत. कडे नसेल तर आम्ही फक्त मोठी झाकणे.

मला न्यायला लाम्पोन आला. पंचविशीचा, हडकुळा, शेळ्यांमागे हिंडून पाय लोखंडासारखे झालेला. सीमोन त्याला म्हणाला, “हात घाल. घट्ट होतंय?”

“थोडं सैल आहे.”

“आईला सांग, आतून नमदा लावून देईल. आणि नीट ऐक. ही अर्धी तुझी आहे. डावा अर्धा भाग तुझ्या डावीकडे उभा राहील त्याचा. रांगेत तू हिला खाली टाकलीस तर तू एकटा मरत नाहीस, तोही मरतो.”

“माहीत आहे, काका.”

“सगळ्यांना माहीत असतं,” सीमोन म्हणाला आणि खोकू लागला.

लाम्पोनने माझ्या तोंडावर तांबड्या रंगाने खेकडा काढून घेतला. लहानपणी तो ओढ्यात खेकडे पकडायचा म्हणून. गावात चेष्टा झाली. “अरे, खेकडा तर तिरका पळतो! शत्रू आला की तूही तिरकाच पळणार का?” लाम्पोनही त्यांच्याबरोबर हसला. हीच चेष्टा पुढे त्याच्या गळ्याशी येणार आहे, हे तेव्हा कुणाच्या मनातही आले नाही.

माझे खरे घरपण मात्र त्याच्या आईच्या हातचे. तिचे नाव फिलिन्ना. तिने कड्याच्या आत करड्या लोकरीचा नमदा शिवून बसवला. तिची टीप वेगळी होती. दोन टाके पुढे, एक मागे, आणि मागच्या टाक्याला बारीकशी गाठ. तशी टीप फेगाईत दुसरी कुणी घालत नसे. इतरांना त्यात वेळ फुकट जातो असे वाटे. शेजारी सोतेलेस राहायचा. त्याची बायको बाळंतपणातच गेली होती आणि थेरोन हा एकुलता एक मुलगा त्याने एकट्याने वाढवला होता. थेरोनची ढाल झाली तेव्हा तिच्या कड्यालाही फिलिन्नानेच नमदा शिवला. तोच करडा, तीच गाठीची टीप.

लढाई नसे तेव्हा मी चुलीवरच्या भिंतीवर असे. उन्हाळ्यात मात्र फिलिन्ना मला छपरावर न्यायची, पालथी नव्हे तर उताणी ठेवायची आणि माझ्या पोटात अंजिरे वाळत घालायची.

“आई! ही ढाल आहे, सूप नाही,” लाम्पोन ओरडायचा.

“मग वर्षातले अकरा महिने ती काय नुसती बसून खाणार? माझ्या घरात कुणी बसून खात नाही.”

सात उन्हाळे अंजिरांचा गोड वास माझ्या चामड्यात मुरत गेला. मित्रांनो, माझी पुष्कळ स्तुती झाली आहे. रांगेत उभी असताना लोक माझ्या चकाकीकडे बघत. पण सुख म्हणजे काय असे कुणी विचारले, तर मला ते छप्पर आठवते.

मग डोंगरमाथ्यावरच्या कुरणावरून तेरमा आणि फेगाई यांच्यात जुंपली. कुरण लहान, झरा एक, आणि शेळ्या दोन्ही गावांच्या. दोन वसंत ऋतू नुसत्या शिव्या आणि दगड झाले. तिसऱ्या वसंतात दोन्हीकडून रांगा उभ्या राहिल्या.

लढाईपूर्वीचा तो वेळ मला सगळ्यांत वाईट वाटतो. ऊन चढत असते आणि कड्यातल्या हाताची नाडी मला लाकडापर्यंत जाणवत असते. लाम्पोनच्या डावीकडे थेरोन होता. एकोणीस वर्षांचा, पहिल्यांदाच रांगेत आलेला.

“लाम्पोनदादा, तुझी ढाल जरा इकडे घे ना,” तो पुटपुटला.

“आणखी घेतली तर मी उघडा पडेन रे. मला चिकटून राहा. श्वास घे.”

“घेतोय.”

“मोठ्यानं घे. तेरमावाल्यांना ऐकू गेला तरी चालेल.”

थेरोन हसला. त्याचे हसणे मला आठवते. 

रांगा भिडल्या तेव्हा ढकलाढकलीत एक भाला वरून आला आणि खेकड्याच्या पाठीत घुसला. पत्रा फाटला, लाकूड फुटले, कड्याला भोक पडले, आणि पाते लाम्पोनच्या हातात रुतले. भालेवाल्याने दांडा मागे खेचला. पाते माझ्यात अडकले होते, म्हणून भाल्याबरोबर मीही ओढली गेले. मुठीची दोरी तुटली. हात कड्यातून निसटला तो मेल्यासारखा लटकत होता. लाम्पोनने आपला भाला टाकून उजव्या हाताने माझा काठ धरला. त्याची बोटे मला अजून जाणवतात. पण तेरमावाल्यांनी त्याला रांगेबरोबर मागे रेटले आणि बोटे सुटली. त्या क्षणी माझा डावा अर्धा भाग जिथे असायला हवा होता तिथे काही नव्हते. थेरोनची उजवी कूस उघडी पडली. पुढचे मी पाहिले आहे. सांगणार नाही.

फेगाईकर हरले. मला आणि आणखी बऱ्याच ढालींना गाडीत घालून तेरमात आणले. देवीला वाहायच्या ढालीचे कडे आधी काढून टाकतात. भरल्या देवळात धरता येण्याजोग्या ढाली असल्या, तर गावात उद्या भांडण पेटले की कुणीही त्या ओढून घेईल, अशी भीती. म्हणून एका लोहाराने माझे चार खिळे उपटले आणि कडे बाजूला फेकले. मग तोंडावरचे भोक मागून ठोकून बुजवले, पत्र्यावर अक्षरे उठवली आणि मला सातव्या खुंटीवर चढवले.

त्या देवळाची राखण बित्तो नावाची म्हातारी करायची. तिला दोनच गोष्टींचे वेड होते, स्वच्छता आणि काटकसर. सणाआधी ती आम्हाला राख आणि वाळू लावून अशी घासायची की पहिल्याच घासणीत माझा खेकडा पुसला गेला. भिंतीवर आम्ही एकेचाळीस जणी एकसारख्या चकचकीत आणि एकसारख्या कोऱ्या झालो. काढलेली कडी तिने टाकली नाहीत. एक टोपली भरून ओवरीच्या कोपऱ्यात ठेवली. त्यातले एक कडे तिने माझ्या समोरच्या खांबावर खिळ्यांनी ठोकले आणि त्यात अंगणाचा खराटा अडकवला.

ते कडे माझे होते.

मित्रांनो, रोज पहाटे बित्तो माझ्या कड्यातून खराटा ओढून काढी आणि अंगण झाडून झाले की परत खुपसून ठेवी. मी बघत राही. मला आधी फक्त लाज वाटायची. पुढे त्या लाजेची जागा भीतीने घेतली.

तेरमाच्या देवीचा सण दर दोन वर्षांनी, द्राक्षे उतरवण्याच्या थोडे आधी येतो. त्या आठ दिवसांत शत्रूच्या गावालाही अभय असते. लढाईनंतरच्या पहिल्या सणाला दुपारी धुळीने भरलेली दोन म्हातारी माणसे अंगणात शिरली. एक फिलिन्ना, एक सोतेलेस. शेजारी असूनही दोघांमध्ये चार माणसे मावतील एवढे अंतर ठेवून ती चालत होती.

“कुठले?” बित्तोने विचारले.

“फेगाईचे,” फिलिन्ना म्हणाली.

“अगं बाई! या, या. तुमच्या गावचे लोक फार उदार हो. एवढ्या ढाली पाठवल्यात. तेवढे हात पाठवायचे राहिले बघा.”

सोतेलेसने मान वळवली. फिलिन्ना मात्र वाकली नाही. “त्यासाठीच आलोय. त्यातली एक माझ्या मुलाची आहे.”

मग त्यांच्या बोलण्यातून मला सगळे कळले. लाम्पोन जखमी हात घेऊन, माझ्याशिवाय घरी पोचला होता. थेरोनला लोकांनी त्याच्या ढालीवर घालून आणले होते. सोतेलेसने गावसभेत उभे राहून आरोप केला की लाम्पोन ढाल टाकून पळाला. त्याने हात दाखवला, पण लोक म्हणाले, पळताना खडकावर पडला असेल. पोरांनी त्याला ‘खेकडा’ म्हणायला सुरुवात केली. ज्याने ढाल टाकली असे ठरते त्याला सभेत बोलता येत नाही, कुठल्याही देवळाचा उंबरा ओलांडता येत नाही, आणि त्याच्या मुलीला कुणी मागणी घालत नाही. लाम्पोनला मिर्तो नावाची एकच मुलगी होती. द्राक्षे उतरवून झाली की पंच निवाडा करणार होते.

“माझं काहीच ऐकू नका,” फिलिन्नाने सोतेलेसला सांगितले होते. “तुम्ही स्वतः चला. ढाल स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग काय वाटेल ते पंचांना सांगा.”

“आणि मला तिथं काही दिसलं नाही तर?”

“तर परत येताना मी तुमच्याशी भांडणार नाही. दोन दिवसांची वाट आहे, तेवढं तरी सुख मिळेल तुम्हाला.”

असे दोघे आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढाली धुण्याचा विधी होता. आम्हाला खाली उतरवून झऱ्यावर नेतात. तिथे फक्त बायका असतात. पुरुषाची सावलीही चालत नाही. आलेल्या पाहुण्या बायकांना धुवायला मिळते. सोतेलेसला अंगणातच थांबावे लागले. फिलिन्नाने बाह्या वर केल्या आणि एकेक ढाल उलटवू लागली. बाकीच्या बायका ढालींची तोंडे धूत होत्या, ही पाठ बघत होती.

“ए फेगाईच्या, देवीला पुढची बाजू दिसते. मागची कशाला घासतेस?” एकजण म्हणाली.

“आमच्याकडे तशीच पद्धत आहे,” फिलिन्ना म्हणाली. तिने पुढची ढाल उलटवली.

ती माझ्यापर्यंत येईतो मी भीतीने अर्धी झाले होते. मधेच कुणी मला उचलून नेले असते तर? तिची नजर अधू झाली असली तर? मग तिने मला उलटवले. चामड्यावरून बोट फिरवले. काठाशी जिथे चामडे उसवले होते तिथे तिने कधीकाळी टाके घातले होते. दोन पुढे, एक मागे, गाठ. तिने वाकून नाक माझ्या पोटाला लावले आणि तशीच राहिली.

“सापडलीस,” ती हळूच म्हणाली. “अजून अंजिरांचा वास येतोय तुला.”

पण लगेच तिचा चेहरा उतरला. कडे असायला हवे होते तिथे चार खिळ्यांची भोके होती आणि मधोमध फुटलेले लाकूड. सोतेलेसला इथे आणता येणार नव्हते, आणि एकदा मी खुंटीवर चढले की माझी पाठ भिंतीकडे. शिवाय फुटलेल्या लाकडाने काय सिद्ध होणार? टाकून दिलेल्या ढालीवरही कुणी भाला मारू शकतो. भाला गेला तेव्हा कड्यात हात होता, हे फक्त कडेच सांगू शकत होते.

दुपारी तिने बित्तोला गाठले. “ढालींची कडी काय केलीत?”

“टोपलीत आहेत. बघ हवी तर. पण देवीची ढाल मात्र इथून हलणार नाही, आधीच सांगते.”

“आणि कडं?”

बित्तोने विचार केला. “कडं वाहिलेलं नसतं. वाहायच्या आधीच काढतात ना. ते देवीचं नाही. कुणाचंच नाही.”

फिलिन्नाने ओवरीत टोपली पालथी केली. सगळी कडी एकेक करून उचलली, आत बोट घालून नमदा चाचपला, बाजूला ठेवली. सोतेलेस पायरीवर बसून भाकरी आणि ऑलिव्ह खात होता आणि बिया अंगणात थुंकत होता. मी सातव्या खुंटीवरून बघत होते. माझे कडे तिच्या पाठीमागे, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर खांबावर होते आणि त्यात खराटा होता. मी ओरडू शकत नव्हते. वाऱ्याने तरी मला हलवावे, खुंटीवरून पाडावे, असे वाटत होते. पण वारा पडला होता.

टोपली संपली. फिलिन्नाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्यांदाही संपली. मग ती तशीच मांडीवर हात ठेवून बसली.

“आता?” सोतेलेस म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, आणि ते मला चमत्कारिक वाटले.

“आता काही नाही. उद्या निघू.” ती उठली. “तोंड धुऊन येते.”

ती झऱ्याकडे गेली आणि बित्तो आतून आली. तिने अंगणातल्या बिया पाहिल्या आणि कमरेवर हात ठेवले.

“हे काय रे? तुझ्या घरी असंच करतोस?”

“माझ्या घरी कुणी नाही. कुणाला अडचण होत नाही.”

“इथं मला होते. तो बघ खराटा. तुझा कचरा तूच झाड.” असे म्हणून ती पाणी आणायला गेली.

सोतेलेस कुरकुरत उठला. त्याने खांबावरून खराटा ओढला. मावळतीचे ऊन खांबावर पडले होते, आणि खराटा निघताच कड्यातल्या भोकातून उन्हाचा एक ठिपका खांबावर उमटला. सोतेलेस थांबला. त्याने मान तिरकी करून कड्याच्या आत पाहिले. आत करडा नमदा होता. भोकाभोवती रक्ताने काळा पडून कडक झालेला. त्याने बोट आत घालून टीप चाचपली. दोन टाके, एक मागे, गाठ. तशीच टीप असलेले एक कडे त्याच्या घरात, रिकाम्या बिछान्यावरच्या भिंतीवर, थेरोनच्या ढालीत होते. त्यावरून तो रोज बोट फिरवत असेल, नाहीतर नुसत्या बोटाने त्याला इतक्या लवकर ओळखता आले नसते.

अंगणात कुणी नव्हते. त्याने पाहिले आहे हे फक्त मला ठाऊक होते.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत भयंकर क्षण कुठला असे विचाराल तर तो भाल्याचा नव्हे, हा. त्याने खराटा परत खुपसला असता तर काही घडलेच नसते. लाम्पोन दोषी ठरला असता, आणि थेरोन कुणामुळे गेला या प्रश्नाला सोतेलेसकडे उत्तर राहिले असते. त्या उत्तरावरच तो सव्वा वर्ष जगला होता.

त्याने खराटा परत ठेवला नाही. तो झाडू लागला. आधी आपल्या बिया झाडल्या. मग पायऱ्यांपासून वेदीपर्यंत सगळे अंगण. मग कोपरे. मग जिथे काहीच पडले नव्हते तिथेही. त्याची सावली लांब होत गेली. प्रत्येक फटकाऱ्याबरोबर मला वाटे, आता तो येईल आणि खराटा आत खुपसेल. अंगण संपले. तो खराटा हातात घेऊन खांबापाशी आला आणि उभा राहिला.

फिलिन्ना ओल्या तोंडाने परत आली. तिने झाडलेले अंगण बघितले. “हे काय? तुम्ही?”

“लाम्पोनच्या आई,” तो म्हणाला, “इकडे या.”

त्याने तिचा हात धरून कड्यावर ठेवला. तिने आत बोट घातले. ती रडेल असे मला वाटले होते, पण ती एकेक गाठ चाचपत राहिली.

“त्याच्या हाताला कुठं लागलंय?” सोतेलेसने विचारले. “सभेत त्यानं दाखवला तेव्हा मी बघितलं नाही. मी तोंड फिरवून बसलो होतो.”

त्याने आपला डावा हात खांबाजवळ नेऊन कड्यात घातला. फिलिन्नाने भोकातून बोट टेकवले. “इथं.”

सोतेलेसने हात कड्यातून बाहेर काढला.

“मग हात गेल्यावर ढाल कुणीच धरू शकलं नसतं,” तो म्हणाला. जणू स्वतःलाच सांगत होता. “म्हणजे कुणीच...”

“कुणीच नाही,” फिलिन्ना म्हणाली. “तुमच्या थेरोनला मी अंगाखांद्यावर खेळवलंय हो. माझ्या लेकानं त्याला उघडं टाकलं असतं, तर मीच त्याला दारात उभं केलं नसतं.”

बित्तो घागर घेऊन आली आणि दोघांकडे बघत राहिली. “काय झालं?”

“हे कडं आम्ही नेतो,” सोतेलेस म्हणाला.

“न्या की. पण खराटा मी कुठं अडकवू? डोक्यावर?”

सोतेलेसने कमरेचा चामडी पट्टा सोडला, खांबावर दुहेरी करून तेच खिळे ठोकले आणि त्यात खराटा अडकवला. दुसऱ्या दिवशी तो एका हाताने वस्त्र सावरत आणि दुसऱ्या हातात माझे कडे घेऊन चालता झाला. या वेळी दोघांत एकाच माणसापुरते अंतर होते.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की माझी काळजी इथे मिटली. मुळीच नाही. वाट दोन दिवसांची, दरी खोल, आणि कडे म्हाताऱ्याच्या हातात. घरी पोचल्यावर रिकामा बिछाना दिसला असेल, तेव्हा त्याचे मन फिरले असेल का? मला कोण सांगणार? मी दोन वर्षे त्या पट्ट्याकडे बघत राहिले. पुढच्या सणाच्या आधी कुरणावर पुन्हा दगडफेक झाली आणि अभयाची दवंडी पिटायला नऊ दिवस उशीर झाला. त्या नऊ दिवसांत मी नव्याने गंजले असेन.

मग एका सकाळी फेगाईकरांची मिरवणूक आली. पुढे एक माणूस चालत होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे आत वळलेली होती. त्याच्या डाव्या बाजूला, जिथे रांगेत थेरोन उभा होता तिथे, सोतेलेस चालत होता आणि त्याने त्या माणसाचा दंड धरला होता. ज्याने ढाल टाकली त्याला उंबरा ओलांडता येत नाही. लाम्पोन देवळाच्या उंबऱ्याशी आला, क्षणभर थांबला आणि आत आला.

“फेगाईचे?” बित्तो म्हणाली. “ढाली आणल्यात का?”

“या खेपेला नाही,” सोतेलेस म्हणाला. “या खेपेला नुसते हात आणलेत.”

“बरं केलंत. तुझ्या पट्ट्यात खराटा नीट राहतो हो. कड्यापेक्षा बरा.”

सोतेलेसने दारापासून बोट दाखवत मोजले. “पाच, सहा. ही बघ.”

लाम्पोन माझ्याखाली येऊन उभा राहिला. “आई म्हणायची, हिची पाठ बघितल्याशिवाय ओळखलं असं म्हणू नकोस.”

म्हणायची. मी समजले.

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर एका मुलीने मला उलटवले. मनगटात नवे काकण होते. तिचे लग्न ठरले होते. तिने नाक लावून वास घेतला, हसली, आणि पदराच्या टोकाला खोचलेली सुई काढून माझे सुटलेले चामडे शिवले. दोन पुढे, एक मागे, गाठ. मग चामड्याला थोडे तेल लावले. “कडं बाबांच्या नव्या ढालीला बसवलंय,” ती मला म्हणाली. “भोक बुजवू दिलं नाही त्यांनी.”

मित्रांनो, आता मी फार जुनी झाले आहे. मिर्तोनंतर कुणी मला तेल लावले नाही. बित्तो गेली, तिच्या जागी आलेली बाईही आमची तोंडेच घासते. चामडे भेगाळले आहे, अंजिरांचा वास आता मलाच येतो की खरोखर आहे, हे सांगता येत नाही. कुरणाच्या बाजूने शिंग वाजले की अजूनही माझा डावा अर्धा भाग गार पडतो, कारण तो कुणाचा तरी असतो आणि मी इथे भिंतीवर असते.

म्हणून तुम्हाला एवढेच विनवते. तुमच्या घरात जुन्या वस्तू असतील, त्यांची नुसती पुढची बाजू पुसू नका. त्यांना उलटवून बघा, सुटलेला टाका घाला, जमले तर थोडे तेल लावा. आणि एखाद्या माणसाला लोक पळपुटा म्हणू लागले, तर तुम्ही म्हणण्याआधी एकदा त्याचा हात बघा. तोंड फिरवून बसू नका. सोतेलेसला ते बघायला सव्वा वर्ष आणि दोन दिवसांची वाट लागली. तो चांगला माणूस होता, म्हणून त्याने खराटा परत खुपसला नाही. पण ते अंगण तो झाडत होता तेव्हा मला किती भीती वाटली होती, ते मी कधीच विसरणार नाही.